गव्हाण म्हणजे काय? गोठ्यातला हा शब्द साखर कारखान्यात कसा पोचला?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि ‘गव्हाणीत मोळी टाकून शुभारंभ’ ही बातमी हमखास वाचायला मिळते. मोळी उसाची, हे कळतं. पण गव्हाण?

गव्हाण मूळची गोठ्यातली. जनावरांच्या पुढ्यात दगडमातीचा, विटांचा किंवा फळ्यांचा बुटका कठडा घालून वैरणीसाठी जी लांबट जागा केलेली असते, ती गव्हाण. कडबा उघड्या जमिनीवर टाकला तर जनावर खाण्याबरोबर तुडवतंही आणि उरलेला शेणामुतात जातो. उन्हाळ्यात पेंढ्या मोजून वापरणाऱ्या घराला हे कसं परवडणार? काही जण ‘गवाण’ असंही म्हणतात. दावण मात्र वेगळी. जनावरं ओळीने बांधायचा दोर आणि त्यावरून ती बांधायची जागा, म्हणजे दावण. दुष्काळात ‘छावणी नको, दावणीला चारा द्या’ अशी मागणी होते ती याच अर्थाने.

‘गव्हाण’ ऐकताना गहू आठवतो, पण त्याचा इथे संबंध नाही. संस्कृतात ‘गवादनी’ असा शब्द आहे: गो म्हणजे गाय आणि अदन म्हणजे खाणं. गुरांनी जिथे खायचं ती जागा. ‘अद्’ म्हणजे खाणे या धातूपासूनच आपला ‘अन्न’ शब्द झाला. ‘गो’चं ‘गव’ होणं आपल्याला ‘गवाक्ष’मुळे ओळखीचं आहे. प्राकृतात ‘द’ गळला, ‘न’चा ‘ण’ झाला आणि ‘गवाणी’सारखं रूप तयार झालं. मधला ‘ह’ मराठीतला. गुजरातीत याच अर्थाने ‘गमाण’ म्हणतात. मराठी बायबलमध्ये बाळ येशूला ठेवतात तीही गव्हाणच.

कारखान्यात उसाच्या गाड्या रिकाम्या होतात तो लांब, खोलगट, सरकता पट्टा म्हणजे तिथली गव्हाण. त्यावरून ऊस सुऱ्यांकडे आणि पुढे चरकाकडे जातो. यंत्राच्या तोंडाशी चारा टाकावा तसा ऊस टाकायचा, त्यामुळे हे नाव चपखल बसलं. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, कित्येक गोठ्यांतल्या गव्हाणी ओस पडल्या. नव्या पिढीला हा शब्द भेटतो तो बहुधा कारखान्याच्याच बातमीत.

आणि ती बातमी नेहमीच शुभारंभाची नसते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत. ते थकले किंवा दरावरून वाद पेटला, की आंदोलक थेट गव्हाणीत उड्या टाकतात. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन आणि साखर दोन्ही घटतं, त्यामुळे गव्हाण अडली की कारखान्याची कोंडी होते. पुढे सुरे फिरत असतात; माणूस आत उतरला की पट्टा तत्काळ थांबवावाच लागतो.