एका चिवट जंतूची हकिकत

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात कापसाची वेचणी चालू असते. वाळलेल्या बोंडांच्या टोकदार कडा वेचणाऱ्यांच्या बोटांना बोचतात व बारीक जखमा होतात. अकोल्याच्या जठारपेठेत राहणारी मुले शेतात गेली नाहीत, तरी खेळताना त्यांचे गुडघे फुटतातच. अशा जखमा बहुधा लवकर भरून येतात. परंतु एखादे वेळी जखमेभोवती तांबडी सूज येते, ती ठणकू लागते आणि दोनतीन दिवसांत तेथे पू धरतो. असे का व्हावे?

याचे कारण पुष्कळदा ‘स्टॅफिलोकॉकस’ हा जंतू असतो. ॲबरडीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली तपासला, तेव्हा त्यांस द्राक्षांच्या घडाप्रमाणे एकत्र जमलेले वाटोळे जंतू आढळले. म्हणून ‘द्राक्षांचा घड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून १८८२ साली त्यांनी हे नाव दिले. या कुळातील सर्वांत उपद्रवी जातीचे पुंजके प्रयोगशाळेत सोनेरी रंगाचे दिसतात. त्यामुळे तिला ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, असे म्हणतात.

हा जंतू कोठून दूरवरून येत नाही. सुमारे दहांपैकी तीन निरोगी माणसांच्या नाकात तो मुक्काम करून असतो. त्वचा अभंग आहे तोवर त्याचे काही चालत नाही. त्वचा फाटली की मात्र त्याला आत जाण्यास वाट मिळते. एका जंतूची लांबीरुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी असते. पण अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. हिशेब करून पाहा: या वेगाने एका जंतूचे दहा तासांत दहा लाखांहून अधिक जंतू होतील!

शरीरही स्वस्थ बसत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात व जंतूंना गिळू लागतात. तेव्हा जंतू विष सोडून त्या पेशींचा नाश करतात आणि रक्त गोठवून स्वतःभोवती एक आडोसा उभारतात. या झुंजीत मेलेल्या पेशी व जंतू यांचाच पू बनतो. बहुतेक वेळा शरीराची सरशी होते. परंतु जंतू रक्तात शिरले, तर हाडे, फुप्फुसे व हृदय यांपर्यंत पोहोचून ते प्राणही घेऊ शकतात.

पूर्वी अशा रोग्यास वाचविणे फार कठीण असे. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग हे याच जंतूंवर प्रयोग करीत होते. एका तबकडीत बुरशी आली होती आणि तिच्या आसपासचे जंतू नाहीसे झाले होते. बुरशीतील त्या जंतुनाशक द्रव्यास त्यांनी ‘पेनिसिलिन’ हे नाव दिले. जंतूला आपली भिंत नीट बांधू न देणे, हे पेनिसिलिनचे काम. भिंत कच्ची राहिली की जंतू फुटून मरतो.

१९४१ साली ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसास हे औषध देण्यात आले. जंतूंच्या उपद्रवाने त्याचा एक डोळा गेला होता. औषध मिळताच त्याचा ताप उतरला व त्यास भूक लागू लागली. पण औषधाचा साठा फारच थोडा होता. त्याच्या मूत्रातूनसुद्धा औषध परत काढून वापरण्यात आले. तरीही ते संपले, रोग उलटला व तो मरण पावला. पुढे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. आपल्या पुण्याजवळच्या पिंपरी येथे १९५४ साली सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन बनू लागले.

परंतु जंतू हार मानणारे नव्हते. काही जंतूंपाशी पेनिसिलिन मोडून टाकणारे द्रव्य असल्याचे दिसून आले. औषधाने दुबळे जंतू मेले, तरी असे चिवट जंतू उरले व वाढले. शिवाय ही विद्या एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो! मग शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याने न मोडणारे ‘मेथिसिलिन’ शोधले. पण १९६१ साली ब्रिटनमध्ये त्यालाही दाद न देणारे जंतू सापडले. औषध जेथे चिकटते, तो भिंत बांधणारा घटकच त्यांनी बदलून घेतला होता. असे जंतू आज भारतातील रुग्णालयांतही आढळतात व त्यांच्यासाठी वेगळी औषधे योजावी लागतात.

१९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी बजावले होते, की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेतल्यास जंतू मरत नाहीत, उलट ते औषधाला सरावतात. ही सूचना आपणही ध्यानात ठेवली पाहिजे. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी आणि झाकून ठेवावी. हात वरचेवर धुवावेत. दुसऱ्याचा टॉवेल वापरू नये. फोड पिळू नये. जंतुनाशक औषधांच्या वेष्टनावर बहुधा एक उभी तांबडी रेघ असते. अशी औषधे डॉक्टरांनी सांगितल्यावाचून घेऊ नयेत. सर्दीपडशावर तर त्यांचा काही उपयोगच नसतो. डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा, सांगतील तितके दिवस घ्यावी; उरलेली गोळी दुसऱ्यास देऊ नये. आज आपण औषध जपून वापरले, तरच उद्या एखाद्या रोग्याचा प्राण वाचविण्यास ते उपयोगी पडेल.