डॉब्सनी दुर्बीण आणि तिच्या नेत्रिका

दुर्बीण विकत घेणारा मनुष्य आरशाचा व्यास विचारतो, नळीची लांबी विचारतो, किंमत तर विचारतोच. परंतु ज्या बोटभर नळकांड्याला तो रोज डोळा लावणार असतो, त्याविषयीं एक अक्षरहि विचारीत नाहीं. मीहि विचारलें नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं पेडगांवीं माझ्या अंगणांत आठ इंची डॉब्सनी दुर्बीण आली, तेव्हां एका दुकानदारानें तिच्याबरोबर चार मिलिमीटरची एक नेत्रिका "फार शक्तिमान" म्हणून मला दिली. त्या रात्रीं शनि पाहावयास शेजारचीं दहा-बारा मुलें रांगेनें उभीं होतीं. पहिल्या मुलानें डोळा लावला, बराच वेळ लावला, आणि म्हणाला, "गुरुजी, कांहींच दिसत नाहीं." चूक मुलाची नव्हती, आरशाचीहि नव्हती. ती कोठें होती हें उलगडण्यास मला एक हिवाळा लागला.

या दुर्बिणीच्या नांवाची हकीकत आपल्या लोकांस रुचण्यासारखी आहे. जॉन डॉब्सन यांचा जन्म १९१५ सालीं पेकिंग येथें झाला. १९४४ सालीं ते सॅन फ्रान्सिस्को येथें रामकृष्ण संप्रदायाच्या वेदान्त मठांत दाखल झाले. मठांत पैसा कोठला? तेव्हां जहाजाच्या खिडक्यांच्या जाड कांचा मिळवून त्यांनीं आरसे घांसले, आणि त्यांस लांकडाची साधी पेटी व साधी फिरती बैठक केली. दुर्बिणींच्या या नादापायीं १९६७ सालीं त्यांस मठ सोडावा लागला. पुढें २०१४ सालीं मृत्यु येईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास चंद्र दाखवीत राहिले. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था हीहि १९४४ सालचीच. संबंध कांहीं नाहीं; योगायोग मात्र मला आवडतो.

आतां मुद्द्याकडे वळूं. माझ्या दुर्बिणीच्या आरशाचा व्यास २०० मिलिमीटर व नाभ्यंतर १००० मिलिमीटर आहे. दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागलें कीं पांच येतात. म्हणून ही एफ पांचची दुर्बीण. हा आंकडा जितका लहान तितकी दुर्बीण "शीघ्र" म्हणावयाची. हा शब्द छायाचित्रकारांच्या बोलींतून आला आहे. शीघ्र दुर्बिणीची नळी आंखूड असते, ती उचलून गच्चीवर नेतां येते, आणि आकाशाचा मोठा तुकडा तिच्यांत मावतो. परंतु तिच्या आरशावरून येणारे किरण फार तिरपे होऊन एकत्र येतात, आणि नेत्रिकेची खरी परीक्षा तेथेंच होते.

पूर्वींच्या दुर्बिणी याच्या अगदीं उलट. आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि त्या राज्यांतील हैद्राबादच्या निजामिया वेधशाळेंत ग्रब यांनीं केलेली पंधरा इंची भिंगाची दुर्बीण होती. अशा भिंगाच्या दुर्बिणींचीं नळकांडीं लांबच लांब, आणि किरण जवळजवळ सरळ. त्यांना सतराव्या शतकांतली हायगेन्सची दोन भिंगांची नेत्रिका लावली तरी चालून जात असे. जुन्या पुस्तकांतून तिची स्तुति आढळते ती याचमुळें. तीच नेत्रिका एफ पांचच्या दुर्बिणीस लावा. मध्यावरचा तारासुद्धां नीट टिंब होत नाहीं. माझी चार मिलिमीटरची नेत्रिका अठराव्या शतकांतल्या रॅम्सडेनच्या जातीची होती. तीहि त्याच लांब नळ्यांच्या काळची.

हिशेब मुलांच्या पाटीवरचा आहे. आरशाच्या नाभ्यंतरास नेत्रिकेच्या नाभ्यंतरानें भागावें, म्हणजे किती पट मोठें दिसतें तें कळतें. हजारास चारनें भागलें, अडीचशें आले. आंकडा ऐकावयास भव्य! परंतु डॉब्सनी बैठकीस घड्याळ नसतें. पृथ्वी फिरते आणि ग्रह नजरेबाहेर सरकतो. आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतें. माझ्या त्या नेत्रिकेंत चाळीस अंशांचें वर्तुळ दिसे. त्यास अडीचशेंनीं भागलें असतां खऱ्या आकाशाचा सुमारें सहावा हिस्सा अंश हातीं लागतो. म्हणजे शनि या कांठापासून त्या कांठापर्यंत चाळीस सेकंदांच्या आंत निघून जाणार. मी डोळा काढून मुलास बोलावीपर्यंत शनि निघून गेलेला असे! त्यांतच ह्या नेत्रिकेस डोळा भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागतो. पापणी कांचेवर घासते, मूल दचकून मागें सरतें.

म्हणून डॉब्सनी दुर्बिणीस रुंद दृष्टिक्षेत्र ही चैन नव्हे, ती गरज आहे. आणि ग्रह कांठापर्यंत सरकत जाणार असल्यामुळें कांठहि बऱ्यापैकीं स्वच्छ पाहिजे. अल नॅगलर या अमेरिकन गृहस्थांनीं चांद्रयात्रींच्या सरावासाठीं दृश्ययंत्रें करण्याचें काम केलें होतें. त्यांनींच पुढें १९८० च्या सुमारास ८२ अंशांची नेत्रिका सिद्ध केली, आणि ती शीघ्र दुर्बिणींतहि कांठापर्यंत तारे टिंबासारखे ठेवते. परंतु तशी एक नेत्रिका घेण्यास पेन्शनरास दुर्बिणीच्या किमतीचाच विचार करावा लागेल. आपण खालच्या पायरीवर काय मिळतें तें पाहूं.

पहिली घ्यावी ती २५ मिलिमीटरची प्लॉसल. व्हिएन्नाच्या प्लॉसल यांची ही रचना १८६० ची; चार भिंगें, दोन-दोन जोडलेलीं, ५० ते ५२ अंशांचें क्षेत्र. चाळीस पट वर्धन, सव्वा अंश आकाश. कृत्तिकांचे मुख्य तारे तिच्यांत एकत्र मावतात, मृगांतला तेजोमेघ तर सहज. अगदीं कांठावर तारे पसरतात; पण या किमतींत तेवढें सोसावें. ३२ मिलिमीटरची घेऊं नये काय? तरुणांनीं घ्यावी. नेत्रिकेतून बाहेर येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी नेत्रिकेच्या नाभ्यंतरास पांचनें भागून मिळते. ३२ ला ती ६.४ मिलिमीटर होते. विशींतल्या डोळ्याची बाहुली अंधारांत सात मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीनंतर बहुधा पांचच्या आसपास थांबते. उरलेला प्रकाश बाहुलीच्या कडेवर सांडून फुकट जातो. घरांत आजोबा व नातू दोघे पाहणारे असले तर २५ ची नेत्रिका दोघांनाहि न्याय देते.

त्याच प्लॉसलच्या लहान आवृत्त्या मात्र मी कोणास सुचविणार नाहीं. प्लॉसलमध्यें डोळ्याचें अंतर नाभ्यंतराच्या सुमारें पाऊणपट किंवा त्याहून थोडें कमीच असतें. दहा मिलिमीटरच्या नेत्रिकेंत तें सात मिलिमीटरच भरतें. चष्मा लावून पाहणें अशक्य. नुसता जवळचा-दूरचा चष्मा असेल तर तो काढावा, दुर्बिणीच्या चाकानें दोष भरून येतो. डोळ्यांत आडवा-उभा फरक असणाऱ्यांची मात्र पंचाईत होते.

त्याऐवजीं ६६ अंशांच्या, कडेला सोनेरी पट्टी असलेल्या स्वस्त नेत्रिका बाजारांत येतात; सहा, नऊ, पंधरा व वीस मिलिमीटर अशा चार. चारहि एकाच वेष्टनांत एकसारख्या दिसतात आणि येथेंच ग्राहक फसतो. सहा व नऊ यांच्या तळाशीं एक अंतर्गोल भिंगांचा गट असतो. तो किरणांचा तिरपेपणा आधीं कमी करतो, म्हणून त्या एफ पांचला चांगल्या टिकतात. पंधरा व वीस यांस ती सोय नाहीं. त्यांच्या बाहेरच्या भागांत तारे पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे दिसतात. मी नऊची घेतली. एकशें अकरा पट. शनि तिच्यांत दोन मिनिटांहून अधिक काळ राहतो. रांगेतलीं दोन मुलें तेवढ्यांत पाहून होतात.

तिसरी वस्तु बार्लो भिंग, दुप्पट करणारें. तें किरणांचा तिरपेपणा निम्मा करतें. एफ पांचची दुर्बीण नेत्रिकेस एफ दहाची भासते. २५ व ९ या दोन नेत्रिकांबरोबर तें घेतलें म्हणजे ४०, ८०, १११ आणि २२२ अशीं चार वर्धनें होतात. शेवटचें, हवा स्थिर असेल त्याच रात्रीं वापरावें. पांच-सहा नेत्रिका आणि रंगीत कांचा घातलेल्या पेट्या मिळतात, त्यांच्या वाटेस जाऊं नये.

नेत्रिकेस दोष देण्यापूर्वीं आरसा तपासावा, हें मी प्रथमच सांगावयास हवें होतें. अन्वस्त आरशाला स्वतःचा एक दोष असतो, त्यास कोमा म्हणतात: मध्यापासून दूरचे तारे धूमकेतूसारखे, शेपूट बाहेरच्या बाजूस करून दिसतात. एफ आठच्या आरशाला मध्यभागीं जेवढें निर्दोष वर्तुळ लाभतें, त्याच्या व्यासाचा चौथा हिस्सा एफ पांचला लाभतो. आरसे थोडे जरी वांकडे बसले तरी तें वर्तुळ मध्यावरून ढळतें. मग सर्वत्र शेपट्याच, आणि भारींतली नेत्रिकाहि व्यर्थ. परीक्षा सोपी आहे. एक तारा मध्यावर धरा, मग कांठाकडे न्या. कांठावर चाक फिरवून तो पुन्हा टिंब झाला तर क्षेत्राला बांक आहे, फारशी काळजी नको. चाक एका बाजूस फिरवतां तो उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूस आडवी रेघ होत असेल, तर दोष नेत्रिकेचा. आणि शेपूटच राहिली, तर आरशाचा.

विकत घेण्यापूर्वीं दुसऱ्याच्या नेत्रिकेतून पाहावयास मिळालें तर फारच उत्तम. पुण्यास परिसंस्थेच्या किंवा मुंबईस खगोल मंडळाच्या आकाशदर्शनास जाणारे लोक आपलीं यंत्रें दाखविण्यास कंटाळत नाहींत.

२०२५ च्या मार्चांत शनीचीं कडीं आपणांकडे कडेनें वळल्यामुळें दिसेनाशीं झालीं होतीं. आतां तीं वर्षागणिक उघडत आहेत. तेव्हां नेत्रिका घेण्यास काळ बरा आहे. पावसाळ्यांत मात्र त्या कपाटांत तशाच ठेवूं नयेत, भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलची पुडी घालून ठेवाव्या, आणि पुडीचे दाणे ओलसर झाले कीं ते तापवून पुन्हा वापरावे.