श्रद्धा, शील आणि अंतःशांती : टिळक दांपत्याच्या जीवनाच्या आधारे

१. प्रस्तावना

मन शांत असावे असे प्रत्येकाला वाटते. पण शांती म्हणजे नेमके काय? त्रास संपणे, राग न येणे, की जगापासून दूर होणे? प्रत्येक धर्मपरंपरेने या प्रश्नाचे आपापल्या परीने उत्तर दिले आहे. या पाठात आपण ख्रिस्ती परंपरेतील उत्तर पाहणार आहोत. तत्त्व नुसते सांगून समजत नाही, म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेल्या दोन व्यक्तींचे जीवन उदाहरणादाखल घेतले आहे : कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) आणि 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६).

२. ख्रिस्ती विचारातील 'शांती'

बायबलच्या जुन्या करारात शांतीसाठी 'शालोम' हा हिब्रू शब्द येतो. त्याचा अर्थ केवळ भांडण नसणे एवढाच नाही. पूर्णता, कुशल, नाते जुळलेले असणे हे सारे त्या शब्दात येते. म्हणून ख्रिस्ती विचारात अशांतीचे मूळ परिस्थितीत नसून तुटलेल्या नात्यात मानले जाते. माणसाचे देवाशी आणि माणसाशी असलेले नाते बिघडले की मन अस्वस्थ होते. ते सांधले की मन स्थिरावते.

या विचाराचे दोन भाग ध्यानात घ्यावेत.

(अ) शांती ही मिळवण्यापेक्षा स्वीकारण्याची गोष्ट आहे. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १४) येशू आपल्या शिष्यांना शांती देऊ करतो. आणि ती देतो अटकेच्या आदल्या संध्याकाळी, संकट दारात उभे असताना.

(आ) ही शांती शेजाऱ्याला वगळून मिळत नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अशी शिकवण आहे की, अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला आपल्या भावाचे मन दुखावले असल्याची आठवण झाली, तर त्याने अर्पण तिथेच ठेवावे, आधी समेट करावा आणि मग पूजेला यावे.

३. नारायण वामन टिळक : शांतीचा शोध

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. संस्कृतचे ज्ञान, कवित्व, वक्तृत्व हे सारे असूनही त्यांचे मन एका जागी स्थिरत नसे. नोकऱ्या बदलल्या, गावे बदलली. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नवा करार भेट दिला. टिळक तो वाचू लागले आणि मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले.

त्यांना प्रथम पटले ते तिथले नीतिशास्त्र. शत्रूवर प्रेम, गाजावाजा न करता केलेले दान, दुसऱ्याचा न्याय न करणे ही शिकवण त्यांना भिडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. यात त्यांनी आपली मराठी भक्तिपरंपरा मात्र टाकली नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असे ते सांगत. अभंग, भजन आणि कीर्तन ही त्यांच्या ख्रिस्तभक्तीची भाषा झाली.

४. दुसरी बाजू : लक्ष्मीबाईंची वाट

टिळकांना वाट सापडली, पण त्याच क्षणी लक्ष्मीबाईंचे घर मोडले. त्या काळी धर्मांतर म्हणजे जात, नातीगोती आणि संसार सारेच तुटणे. लहान मुलाला घेऊन त्या चार वर्षांहून अधिक काळ नातेवाइकांकडे राहिल्या. एकाच्या शांतीची किंमत दुसऱ्याने अश्रूंनी मोजली, हे या कथेतील कठीण सत्य आहे. 'स्मृतिचित्रे'त ते लपवलेले नाही.

लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्याचा विलक्षण अतिरेक होता. घरात येणारी प्रत्येक वस्तू वडील धुऊन घेत. मीठही त्यातून सुटत नसे. पण इतके धुऊनही त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती आणि घरच्यांना तर मुळीच नव्हती. मार्काच्या सातव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आला आहे. हात आणि भांडी धुण्याच्या नियमांवरून वाद होतो, तेव्हा येशू सांगतो की बाहेरून आत जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही. अंतःकरणातून निघणारे लोभ, कपट आणि गर्व विटाळतात.

पुढे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतिपत्नी पुन्हा एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकपाणी वेगळेच होते. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. राहुरीला असताना एकदा विचार करता करता त्यांना उमगले की देवाने माणूस निर्माण केला, जाती माणसाने केल्या. तेव्हापासून कोणाच्याही हातचे खाण्यास त्यांची हरकत उरली नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. टिळक आधी ग्रंथापाशी थांबले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आधी शेजारी माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि विधी नंतर झाला. पुढे नगरला प्लेगची साथ आली, तेव्हा त्या रोग्यांच्या शुश्रूषेला पुढे झाल्या. एकेकाळी स्पर्शाला भिणाऱ्या हातांनी हे काम केले.

५. शील : किंमत की फळ?

चांगले वागलो तर शांती मिळेल, असे आपण सहज म्हणतो. ख्रिस्ती विचार हा क्रम थोडा बदलतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय ५) पौल प्रेम, आनंद, शांती, सहनशीलता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, संयम या गुणांना एकत्रितपणे आत्म्याचे 'फळ' म्हणतो. फळ विकत घेता येत नाही, ते झाडाला लागते. मात्र झाड जिवंत आहे की नाही हे फळावरूनच ओळखतात. म्हणजेच सदाचरण ही शांतीची किंमत नसून तिची खूण आहे.

याचा अर्थ श्रद्धावान माणूस निर्दोष होतो असा नाही. टिळक शीघ्रकोपी होते आणि ख्रिस्ती झाल्यावरही ते शीघ्रकोपीच राहिले. हाती आलेला पैसा गरजूला देऊन ते मोकळे होत आणि घरात ओढाताण होई. लक्ष्मीबाईंनी हे सारे हसतखेळत, पण स्पष्ट लिहिले आहे. यावरून दिसते की शांती म्हणजे स्वभाव बदलणे नव्हे. चूक झाल्यावर परत फिरण्याची, क्षमा मागण्याची आणि क्षमा करण्याची तयारी, हे तिचे व्यवहारातले रूप आहे.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात स्थान होते. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्या श्रद्धेने एकेकाळी त्यांचे घर दुभंगले, तिचेच काव्य त्यांनी शेवटास नेले.

६. सारांश

• ख्रिस्ती दृष्टीने शांती म्हणजे देवाशी व माणसाशी सांधलेले नाते.
• ती संकटे टाळत नाही; संकटात माणसाला उभे ठेवते.
• बाह्य शुद्धीपेक्षा अंतःकरणाची शुद्धी महत्त्वाची मानली आहे.
• शील हे शांतीचे फळ आहे आणि तिची कसोटीही.
• आपल्या शांतीमुळे जवळच्या माणसाला दुःख झाले असेल, तर समेट करण्याची जबाबदारी आपली असते.

७. स्वाध्याय

१. 'किंमत' आणि 'फळ' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत, एक उदाहरण देऊन लिहा.
२. टिळक व लक्ष्मीबाई यांच्या वाटांमधील साम्य आणि भेद सांगा.
३. स्वतःच्या मनाला पटलेला मार्ग घेताना घरच्यांना दुःख होत असेल तर काय करावे? आपल्या परंपरेतील विचारांच्या आधारे चर्चा करा.