जुना नियम आणि जमिनीखालची टाकी

तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावर गोव्याचे हे एकच गाव आहे. केरीहून फेरीबोटीने पलीकडे उतरले तरी पेडणे तालुका संपत नाही. पण तेथून पायवाटेने पुढे चालू लागावे, तर थोड्याच वेळात रेडी लागते, म्हणजे महाराष्ट्र. सावंतवाडीकर भोसल्यांचा येथील किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि टेकडीवरचा कायदा बदलला. १९६१ च्या डिसेंबरात तो पुन्हा बदलला. मात्र कायदा बदलतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घ्यावयाचे, तर जमिनीत पुरलेल्या इंधनाच्या टाकीकडे पाहावे.

गोवा मुक्त झाला, म्हणून पोर्तुगीज कायदे एका रात्रीत नाहीसे झाले नाहीत. सक्षम विधिमंडळ ते बदलीपर्यंत किंवा रद्द करीपर्यंत ते चालू राहतील, असे १९६२ च्या प्रशासन कायद्याने ठरविले. हे शहाणपणाचेच झाले. नाहीतर जमीन, वारसा, विवाह सारेच अधांतरी लोंबकळले असते. त्याच वर्षी एका विनियमाने भारतातील पुष्कळ कायदे गोव्यास लागू करण्यात आले. १९३४ चा पेट्रोलियम कायदा त्यांपैकीच एक. लिटर आणि सेल्सियस यांची सवय असलेल्या गोव्यात आलेला हा कायदा मुळात गॅलन आणि फॅरनहाइटमध्ये लिहिलेला होता, ही त्यातली गंमत! १९७० च्या दुरुस्तीने तेलांचे अ, ब, क असे वर्ग केले. ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने क्षणभर पेट घेते, ते २३ अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर तेल अ वर्गाचे. पेट्रोल त्यात येते. रॉकेल आणि डिझेल ब वर्गात, भट्टीचे जड तेल क वर्गात. स्वतःच्या वापरासाठी ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना ठेवता येते. त्यापुढे परवाना हवा.

पोर्तुगीज अमदानीत नगरपालिकांच्या स्थानिक नियमांना ‘पोस्तुरा’ म्हणत. आज असा एखादा नियम इंधनाच्या साठ्याविषयी कोठे दप्तरात निघाला, तर त्याचे काय करावयाचे? राज्यघटनेने पेट्रोलियमचा विषय संघसूचीत, ५३ व्या नोंदीत घातला आहे. टाकी कशी असावी, हे केंद्राचे नियम सांगतात. १९३७ चे गेले, १९७६ चे आले, आता २००२ चे आहेत. ना-हरकत दाखला जिल्हाधिकारी देतात, परवाना नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्था देते. तेरेखोलला ट्रक रेडीच्या रस्त्याने येवो, दाखला उत्तर गोव्याचाच लागणार. ग्रामपंचायतीच्या हाती बांधकामाचा परवाना राहतो. तो लहान अधिकार नव्हे, पण टाकीचा पत्रा किती जाड असावा, हे काही पंचायत ठरवू शकत नाही.

मग निष्प्रभ झालेला नियम कागदावर राहिला, तर बिघडले कोठे? बिघडते ते कचेरीच्या खिडकीपाशी. कारकुनाला तो माहीत असतो, अर्जदाराला नसतो. एकच टाकी दोन कागदांवर चढते आणि प्रत्येक कचेरीला वाटते, की तपासणी दुसरी करीत असेल. म्हणून असा नियम ठराव करून, नाव घेऊन रद्द करणेच योग्य.

तथापि रद्द करण्याची घाईही नको. जुने नियम आगीला भिऊन केलेले असत. टाकी जमिनीत पुरली, म्हणजे आग तिच्यापर्यंत पोचत नाही आणि तेल थंड राहते, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा नव्हता. पाण्याचा विचार मात्र त्यांत फारसा नसे. उघडा पोलादी पत्रा ओल्या, खाऱ्या मातीत गंजतो आणि गंज वरून दिसत नाही. तेरेखोलची टेकडी जांभ्या दगडाची आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, तसे गळलेले तेलही झिरपते. पेट्रोल पाण्यावर तरंगते, परंतु त्यातील बेंझिनचा काही अंश पाण्यात विरघळतो, आणि ते कर्करोगाला कारण होते. अमेरिकेला ही गोष्ट विहिरी बिघडू लागल्यावर उमगली. तेथे १९८४ मध्ये कायदा झाला, १९८८ मध्ये नियम आले आणि जुन्या टाक्या गंजरोधक करण्यासाठी अथवा बंद करण्यासाठी डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली गेली. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून ५० मीटर अंतराची अट घातली. अपवाद केला तरी ३० मीटरच्या आत नाही.

पण अंतराची ही अट नव्या पंपांची. जुनी, विसरलेली टाकी कोठे पुरली आहे, हे ज्या वहीत लिहिले असेल ती वही बहुधा जुन्या नियमाखालीच ठेवलेली असते. नियमाबरोबर वहीही रद्दीत गेली, तर टाकी तेवढी जागच्या जागी उरते. नियम रद्द झाला, तरी त्याखाली आधीच निर्माण झालेली जबाबदारी सहसा संपत नाही, हे केंद्राच्या १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचे तत्त्व आहे. पण जबाबदार कोण, हे सांगणारा कागदच नसेल, तर त्या तत्त्वाचा उपयोग काय?

तेव्हा ठरावाला हात वर करण्यापूर्वी ग्रामसभेने वही मागवावी. टाकी कोणत्या साली पुरली, किती लिटरची, जवळची विहीर किती पावलांवर, हे नव्या नोंदवहीत उतरून घ्यावे. वापरात नसलेली टाकी रिकामी करून, आतली वाफ घालवून बाहेर काढावी. ते शक्य नसेल, तर साफ करून वाळूने भरावी. आणि विहिरीचे पाणी पावसाळ्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे.