आडाम रीस : रेघांवरच्या हिशेबाचा आचार्य

जर्मनीत एखादा हिशेब बिनचूक असल्याचे सांगताना ‘नाख आडाम रीझे’, म्हणजे ‘आडाम रीझेच्या गणिताप्रमाणे’, असे म्हणण्याची रीत आहे. येथे नोकरी करणाऱ्या अनेक मराठीजनांच्या कानांवर हे शब्द पडले असतील. हा आडाम रीझे, म्हणजेच आडाम रीस, कोण होता?

पंधराव्या-सोळाव्या शतकांत प्रत्येक जर्मन नगराची नाणी, वजने आणि मापे निराळी होती. रोमन अंकांत रक्कम नोंदवता येई; गुणाकार-भागाकार मात्र अतिशय जिकिरीचे होत. त्यामुळे ‘रेशेनमाइस्टर’ म्हणजेच गणनाचार्यांना मोठे महत्त्व आले. ते हिशेबाच्या शाळा चालवीत आणि व्यापाऱ्यांची मुले त्यांच्याकडे शिकत.

त्यांचे साधन साधे होते : आडव्या रेघा आखलेला पाट आणि धातूच्या चकत्या. सर्वांत खालची रेघ एककाची, त्यावरची दहाची, मग शंभराची, हजाराची. दोन रेघांमधील जागेत ठेवलेल्या चकतीचे मोल खालच्या रेघेवरील चकतीच्या पाचपट. रेघेवर पाच चकत्या जमल्या, की त्या उचलून वरच्या जागेत एक ठेवायची; तेथे दोन झाल्या, की पुढील रेघेवर एक. निरक्षर माणसालाही ही रीत साधत असे.

सुमारे १४९२ मध्ये श्टाफेलश्टाइन येथे जन्मलेल्या रीसने एर्फुर्टमध्ये अशी शाळा चालवली. १५१८ मध्ये त्याने रेघांवरील गणिताचे पुस्तक काढले. १५२२ च्या दुसऱ्या पुस्तकात त्याने रेघांच्या जोडीला लेखणीने करायचे गणितही शिकवले. हे गणित भारतात उगम पावून अरबांमार्फत युरोपात पोहोचलेल्या अंकांचे होते. लॅटिनऐवजी लोकांच्या जर्मन भाषेत लिहिलेल्या या पुस्तकाच्या शंभराहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

पुढे तो चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या अॅनाबर्ग नगरात स्थायिक झाला. त्या काळी पावाची किंमत ठरलेली असे. धान्य महागले, की पावाचे वजन घटे. किती घटावे, हे सामान्य ग्राहकाला कसे कळणार? रीसने त्याची कोष्टके तयार केली आणि १५३६ मध्ये ती छापली गेली. त्यामुळे भट्टीवाल्याचा शब्द ताडून पाहणे शक्य झाले. आपल्याकडे पावकी-निमकी मुखोद्गत असलेल्या माणसाला बाजारात फसवणे अवघड असे, तसेच हे.

रीस १५५९ मध्ये निवर्तला. लेखणीच्या गणितापुढे रेघांचा पाट कालांतराने मागे पडला; हिशेब पडताळण्याचा सामान्यांचा अधिकार मात्र त्याच्या नावाने आजही बोलला जातो.