उजवं की डावं?

आमच्या अण्णांनी जन्मभर शिंगं साळली, पण ती सगळी बैलाच्या डोक्यावरची. आम्ही सुतार. वर्षभर कुळव, पाभर आणि गाडीची चाकं चालायची. पोळा आठ दिवसांवर आला की दारात बैलांची रांग लागायची. बैल दाव्याला आखडून बांधायचा, एकानं वेसण धरायची आणि अण्णांनी फुटक्या बाटलीच्या काचेनं शिंग खरवडायला घ्यायचं. काच नीट धरली तर पटाशीपेक्षा बारीक काम करते. वर्षाचा चिखल, जुना रंग, भेगाळलेला थर सगळं पापुद्र्यांनी सुटायचं आणि खिलारचं काळसर-गुलाबी शिंग आतून उजळायचं. मग हिंगूळ, त्यावर बेगडाच्या पट्ट्या, टोकाला पितळी शेंब्या. पैसे कोणी देत नसे. सुगीत ज्वारीच्या पेंढ्या यायच्या, बलुत्याच्या.

आता माझं दुकान दरवाजे-खिडक्यांवर चालतं. करमाळा तालुक्यात बैल उरले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्या शिंगांना ऑइल पेंटचा डबा पुरतो. माझ्या हातातलं शिंग सुटलं होतं. ते परत आलं ते एका पोराच्या प्रश्नामुळे. शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी मी गल्लीतल्या मुलांना लाकडी बंदुका करून दिल्या होत्या. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, हिच्यातली दारू कशात ठेवायची?"

खरंच, कशात? हल्लीच्या बंदुकीत गोळी आणि दारू एकाच काडतुसात असतात. जुनी ठासणीची बंदूक तशी नव्हती. आधी नळीत मापानं दारू ओतायची, मग गोळी, मग गजानं ठासायचं. नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र, त्याला कान म्हणतात. कानाशी असलेल्या वाटीत चिमूटभर बारीक दारू, म्हणजे रंजक. तोड्याच्या बंदुकीत त्या रंजकाला जळती जामगी लावली की बार उडायचा. म्हणजे शिपायाच्या एका हातात सतत धुमसणारी वात आणि कमरेला दारूचा साठा. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. त्याला ठिणगी चालत नाही आणि ओलही चालत नाही. लोखंडाच्या डब्यात ठेवावी तर लोखंड आपटून ठिणगी पडायची आणि गंजायचंही. मातीचं भांडं फुटतं, कातडं ओल धरतं. शिंग मात्र वजनाला हलकं, आपटलं तरी ठिणगी न पाडणारं, आतून पोकळ, पाणी न शिरणारं आणि फुकट. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळतं, म्हणजे नरसाळं देवानंच घडवून दिलेलं. म्हणून जगात ठिकठिकाणी अशा बंदुकीबरोबर दारूचं शिंगही गेलं. आपल्याकडे त्याला बारूददान म्हणत. शिंगाशिवाय लाकूड, कातडं, शिंपले यांचीही ती होत, आणि मोठ्या लोकांची हस्तिदंती.

करमाळ्याचा माणूस बंदुकीच्या इतिहासापासून लांब नाही. गावातला भुईकोट रावरंभा निंबाळकरांचा, कमलाभवानीचं देऊळही त्यांचंच, १७२७ सालचं. इथून ईशान्येला जामखेड तालुक्यात खर्डा आहे. तिथे ११ मार्च १७९५ ला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. तोवर कवायती पलटणींकडे कागदी काडतुसं आली होती. बारूददान राहिलं ते तोड्याची बंदूक घेऊन फिरणाऱ्या साध्या गड्यांकडे. किल्ल्याच्या बुरुजावरून जाताना मला आता तोफ आठवत नाही, असा एखादा गडी आठवतो. त्यानं आपलं शिंग कुठल्या कुशीला लटकवलं असेल, हाही विचार येतो. पण हा विचार मला नंतर सुचला, आणि तो सुचायला मला एका स्पर्धेत आपटावं लागलं.

पुतण्यानं मोबाइलवर अमेरिकेतली शिंगं दाखवली. अठराव्या शतकात तिकडच्या शिपायांनी आपापल्या शिंगावर नावं कोरली, किल्ले कोरले, नद्यांचे नकाशे कोरले. आजही तिकडे हौशी कारागीर तशी शिंगं करतात आणि त्यांच्या स्पर्धा भरतात. लंडनमध्ये तर शिंगकाम करणाऱ्यांच्या संघाला १६३८ सालची राजाची सनद आहे. आपल्या कोकणातही गव्याच्या शिंगाच्या वस्तू होत असत. आता गवा म्हणा, आमच्या माळरानावरचं काळवीट म्हणा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्यांच्या शिंगाला हात लावायची सोय नाही, आणि ते बरंच आहे. मला रानात जायची गरजही नव्हती. सोलापूर जिल्ह्यात राहून शिंगासाठी वणवण करायची म्हणजे काखेत कळसा. पंढरपुरी म्हशीइतकं लांब शिंग दुसऱ्या म्हशीला क्वचितच असेल. तलवारीसारखं मागे जातं, खांद्याच्याही पलीकडे.

मेलेल्या म्हशीचं शिंग म्हणजे खरं तर टोपी असते. आत हाड, बाहेर शिंग, मधे पातळ कातडं. उकिरड्यात महिनाभर पुरून ठेवलं की मधलं कुजतं आणि हाड उपसून येतं. वासाबद्दल लिहीत नाही, आमच्या घरातली अजून बोलते. शिंग केसाच्या, नखाच्या जातीचं, म्हणून तापलं की केस जळल्याचा वास, आणि उकळत्या पाण्यात धरलं की मऊ. मऊ असेपर्यंत ठोकळ्यावर बसवून आकार देता येतो, गार झालं की तोच आकार धरून बसतं. टोकाकडचा भाग भरीव असतो. पोकळी कुठवर आली ते बघायला आतून तार घालायची, तेवढंच माप बाहेरून धरायचं, आणि टोकाकडून ड्रिलनं छिद्र पाडत त्या पोकळीला भेटायचं. ड्रिल चुकलं तर शिंगाच्या पोटातून बाहेर. माझी दोन शिंगं तशी गेली. रुंद बाजूला लाकडाचं बूड, निमुळत्या तोंडाला गुडदी, दोन्हीकडे पट्ट्याला कड्या. काम करताना तोंडाला फडकं बांधायलाच हवं, शिंगाची भुकटी छातीत बसते.

मग नक्षी. इथे माझा जीव रमला. बाभळीच्या मुठीत शिवणयंत्राची सुई बसवली आणि महिनाभर रात्री कोरत बसलो. देवीचं देऊळ, दीपमाळा, पायऱ्यांची बारव, किल्ल्याचा बुरुज. म्हशीचं शिंग काळं, त्यावर सुईची रेघ सुकी असताना करडी दिसते आणि तेलाचा हात फिरला की गायब. तिकडचे लोक पांढऱ्या शिंगावर कोरून काजळी भरतात, मला उलटं करायला हवं होतं. मी केमचं कुंकू आणलं. आमच्या तालुक्यातलं केम हे कुंकवाचं गाव. हळदीचंच हवं म्हणून मागून घेतलं, लाखेत कालवून रेघांत भरलं. काळ्यावर लाल. मी स्वतःच्याच हाताकडे बघत बसलो.

हे शिंग मी एका प्रदर्शनातल्या स्पर्धेत मांडायचं ठरवलं होतं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घरातली म्हणाली, "अहो, पितळ काळं पडलंय. चिंच लावा, चकाकंल." लावली. पितळी कड लख्ख झाली. चिंचेचं पाणी खाली ओघळलं, ते मी फडक्यानं पुसलं. सकाळी बघतो तर कडेलगतचा बुरुज पिवळा. हळद चुन्यानं लाल होते आणि आंबटानं परत पिवळी, हे स्वयंपाकघरात बाईमाणूस रोज बघतं. सुताराला ते साठीला आल्यावर कळलं.

स्पर्धा एका शहरातल्या हस्तकलेच्या प्रदर्शनात होती. नाव सांगण्यात अर्थ नाही. पत्र्याचा मांडव, उन्हाळ्याचं तोंड. तिघं परीक्षक आले. दोघांनी फोटो काढले, वा म्हणाले. तिसरे सत्तरीचे, कोकणातले. पिकाच्या राखणीला घरात परवान्याची ठासणीची बंदूक असलेले. त्यांनी नक्षीकडे पाहिलंच नाही. गुडदी काढली, टोकाला तोंड लावून हवा ओढली. शिंग हवाबंद असेल तर जीभ टोकाला चिकटते. चिकटली नाही. खिशातून खसखशीची पुडी काढली, शिंगात ओतली, गुडदी लावली आणि माझ्या काळ्या मखमलीवर ते हलवलं. मखमलीवर खसखस उमटली, चांदण्या पडल्यासारखी.

"बूड कशानं बंद केलंत?"

"मेण आणि लाकडाचा भुसा, सर."

"आणि शिंग चपटं असताना बूड गोल का?"

मी गप्प. म्हशीचं शिंग मुळाशी चपटं असतं. मी लेथवर गोल बूड काढलं होतं, कारण लेथवर गोलच निघतं. उरलेल्या फटी मेणानं बुजवल्या, आणि पत्र्याखालच्या उन्हानं मेण सुटलं.

मग त्यांनी शिंग स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि चार पावलं चालले. टोक बाहेर आलं आणि टेबलाच्या कडेला अडकलं. "अहो सुतार, हे डाव्या कुशीचं शिंग आहे. तुम्ही पट्टा उजवीकडचा केलाय."

जनावराच्या दोन शिंगांना एकमेकांच्या उलट बाक आणि पीळ असतो. एक शिंग माणसाच्या उजव्या कुशीला धरून बसतं, दुसरं डाव्या. उलट्या कुशीला लावलं तर ते अंगापासून फटकून राहतं, झुडपात अडकतं, घोड्यावर बसलेल्याच्या मांडीला लागतं. हे ऐकताना मला अण्णांचा हात आठवला. किती बैलांची शिंगं आमच्या दारात साळली गेली असतील, पण उजवं की डावं हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. बैल उभा असायचा ना. शिंग आपल्या जागेवरच असायचं.

"आणि असं लटकवल्यावर तुमच्या देवीचा कळस जमिनीकडे आलाय," ते म्हणाले. मी शिंग मांडीवर आडवं धरून कोरलं होतं, माझ्या बाजूनं सरळ. पिवळ्या बुरुजाबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, "हे मुद्दाम?"

१०० पैकी ३८. पहिलं बक्षीस मिळालं त्या शिंगावर नक्षी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशी तीन आडव्या रेघा, संपलं. राग आला. पण संध्याकाळी आवराआवर चालली असताना मी त्यांच्याकडे जाऊन गुणांचा कागद मागितला. त्यांना नवल वाटलं. म्हणाले, लोक भांडायला येतात, कागद कोणी मागत नाही. कागदावर घडण, हवाबंदपणा, अंगावर बसणं, जुन्या नमुन्याशी इमान, आणि सगळ्यात खाली नक्षी, २० गुण. मी महिनाभर त्या २० गुणांसाठी जागलो होतो. नक्षीसाठी मला १४ मिळाले होते. शेरा होता, "फार दाटी". हा शेरा मी अजून मानलेला नाही. पोळ्याच्या बैलाला सजवलेल्या माणसाला तीन रेघांवर थांबायला सांगू नये. सणाला हात आखडता घ्यायचा नसतो.

बाकी सगळं मानलं. पुढच्या शिंगाचं बूड पुठ्ठ्यावर छाप घेऊन त्या शिंगाच्याच आकाराचं कापलं, शिंग उकळून मऊ असतानाच आत दाबलं, पितळी खिळ्यांनी जखडलं आणि फटीला मेणाऐवजी लाख भरली. सुई हातात घ्यायच्या आधी पट्टा लावला आणि दिवसभर शिंग कुशीला अडकवून दुकानात वावरलो. गिऱ्हाइकं हसली. जिथे ते नैसर्गिकपणे थांबत होतं तिथली वरची बाजू खडूनं खुणावली, मग देऊळ काढलं. रेघांत कुंकवाऐवजी सफेदा. बारवेच्या ९६ पायऱ्या पहिल्या शिंगावर मी पंधरा-वीस रेघांत उरकल्या होत्या. या खेपेला त्या बुडाच्या कडेनं खाचा म्हणून घेतल्या. दोनदा मोजून, खुणा करून कोरल्या, तरी ९५ भरल्या. शेवटची जागा जरा रुंद राहिली होती, तिथे एक बारीक खाच घुसवली. शोधणाऱ्याला सापडते.

पुढच्या वर्षी ६७ गुण मिळाले, उत्तेजनार्थ. परीक्षक वेगळे होते. त्यांनी हवा ओढून पाहिली, जीभ चिकटली. अंगावर लावलं, बसलं. मग दोरीला बोट लावून म्हणाले, "नायलॉन?" मी घरी येऊन अंबाडीची दोरी वळायला घेतली.

माझ्या शिंगात दारू कधी जात नाही, जायचीही नाही. घरात एक आहे त्यात खसखस असते आणि नात ते खुळखुळ्यासारखं वाजवते. पण शिंग लागतंच, आणि आसपासच्या गावांत आता माहीत झालंय. परवा वाशिंब्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. म्हस म्हातारी होती, गेली. शिंगं ठेवलीत. मग आपणहून म्हणाला, "उजवं पाहिजे का डावं?"

मला भरून आलं. म्हणालो, दोन्ही द्या.

"एकच हाय. दुसरं कुत्र्यानं नेलं."

"मग आहे ते कोणतं?"

फोन चालूच राहिला. लांबून त्याचा आवाज येत होता, बायकोला विचारत होता, "अगं, म्हस गव्हाणीकडं तोंड करून बसायची, का रस्त्याकडं?"