माझा, माझी आणि फ्रेंच भाषा

एका परीक्षेंत आमच्या एका हुशार विद्यार्थिनीनें ‘तिचा भाऊ’ ह्याचें फ्रेंच भाषांतर ‘सा फ्रेर’ असें केलें. पाहिजे होतें ‘सों फ्रेर’. कारण विचारतां ती म्हणाली, “भाऊ मुलीचा आहे, म्हणून स्त्रीलिंगी रूप घातलें.” गुण कापणें आम्हांस भाग पडलें, परंतु दोष बुद्धीचा नव्हता, वाटेचा होता. ती इंग्रजीच्या वाटेनें फ्रेंचकडे गेली होती.

इंग्रजींतील ‘हिज’ व ‘हर’ हे शब्द मालकाचें लिंग पाहतात. फ्रेंच स्वामित्वदर्शक विशेषण वस्तूचें लिंग पाहतें. आणि मराठी? ‘माझा भाऊ’, ‘माझी आई’ असें आपण म्हणतों, तेव्हां बोलणारा मुलगा कीं मुलगी ह्याची कोण चौकशी करतो? फ्रेंचमध्येंही तसेंच: ‘मों फ्रेर’, ‘मा मेर’. अनेकवचनीं दोन्ही लिंगांस एकच ‘मे’. फ्रेंच न जाणणाऱ्या पालकांसही येथें साहाय्य करतां येईल. पाल्य अडला, तर “मालक कोण?” असें न विचारतां “वस्तु कोणती?” असें विचारावें.

मात्र मराठीची सोबत सर्वत्र पुरत नाहीं. ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ हा भेद फ्रेंच विशेषणांत नाहीं. ‘सों लीव्ह्र’ म्हणजे त्याचें पुस्तक किंवा तिचेंही. तिचेंच असें सांगावयाचें असल्यास पुढें ‘आ एल’ जोडतात. शिवाय फ्रेंच नामांस नपुंसकलिंग नाहीं. आपलें पुस्तक तेथें पुल्लिंगी होतें, तर घर स्त्रीलिंगी. तें पाठच करावें लागतें.

‘एकोल’, म्हणजे शाळा, हा शब्द स्त्रीलिंगी. तरी ‘मों एकोल’ असेंच म्हणतात, कारण ‘मा’ घातल्यास दोन स्वर एकमेकांवर आदळतात. जुन्या फ्रेंचमध्यें अशा जागीं ‘मा’तील स्वर गाळीत, त्यामुळें ‘माझी मैत्रीण’ ह्या अर्थाचा शब्द आजच्या उच्चारानें ‘मामी’ असा होतो! वर्गांत येथें हंशा ठरलेला.

नाम गाळलें कीं विशेषण जाऊन सर्वनाम येतें. ‘तुझें पुस्तक नवें, माझें जुनें’ ह्यांत आपलें ‘माझें’ बदलत नाहीं. फ्रेंचमध्यें मात्र तेथें ‘ल म्यँ’ पाहिजे, आणि घराविषयीं बोलत असल्यास ‘ला म्येन’.

हात धुण्याच्या बाबतींत मात्र पुन्हा मराठीच जवळची. इंग्रज ‘माझे हात’ धुतो. फ्रेंच मनुष्य आपल्यासारखाच नुसते हात धुतो.